नवरा, नवरी आणि तिसरी लाट

महाशिवरात्र झाली की साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यासमोर लाटा येऊन पडायला लागतात. कुणी हातगाडीवर आणतं, कुणी गोणपाटात गुंडाळून रिक्षात पायाशी ठेवून. घाटकोपर स्टेशनाबाहेरचा एक, मरोळ नाक्याचा एक, मुलुंडचे दोघे सख्खे भाऊ. सगळे रसवंतीवाले. हंगामभर ऊस पिळून लाटेवरच्या खाचा गुळगुळीत झालेल्या असतात. मग कांडी आत ओढली जात नाही, तोंडाशीच घसरत राहते. लाट लेथवर चढवायची, वरचा झिजलेला थर उतरवायचा, खाचा नव्याने पाडायच्या, बुश बदलायचे. माझा मुख्य धंदा पुल्या आणि शाफ्टचा. पण चाळीस वर्षांत लाटेचं काम मी एकदाही परत पाठवलेलं नाही, कारण लाट मला माझ्या गावाकडून आलेली पाहुणी वाटते.

माझं गाव कुंडलजवळ, आत्ताच्या पलूस तालुक्यात. आजोबांच्या मळ्यात बिडाचा चरक होता. तीन उभ्या लाटा, वर दातेरी चाकं आणि त्यावर आडवी लांब दांडी. दांडीच्या टोकाला बैलजोडी गोल फिरायची. कांड्या घालणारा माणूस जमिनीलगत बसायचा आणि दर फेरीला दांडी डोक्यावरून गेली की मान खाली घालायचा. रस डब्यात, डब्यातून काहिलीत. चुलवाणात चिपाडं धडधडायची. रसावर मळी आली की ठेचलेल्या भेंडीचं पाणी घालून ती वर काढायची आणि झाऱ्याने उतरवायची. गुळव्याचा सगळा जीव काहिलीवर. पहाटे तीनला गुऱ्हाळ सुरू व्हायचं तेव्हा चरक अंधारात असायचा. मी आजोबांना विचारलं होतं, रात्रीच्या कामाला बैलांच्या गळ्यात घुंगरं कशाला? ते म्हणाले, “अरं, गुळव्याला पाठीमागं बघायला सवड कुठली? घुंगरू वाजतंय तवर चरक चाललाय. थांबलं की त्याला कळतं, रस तुटला.”

रसवंतीच्या यंत्राला आज जे घुंगरू बांधतात ते गिऱ्हाईक बोलवायला, असं सगळे समजतात. मला त्यात पहिल्यांदा गुळव्याचा कान ऐकू येतो.

आजोबांच्या लहानपणी गावात लाकडी चरकही होता. त्याच्या लाटा बाभळीच्या, दोन, दीड-दीड फूट जाडीच्या. त्यांना नवरा आणि नवरी म्हणत. बैल नवऱ्याला फिरवायचे आणि नवरा नवरीला. हे फिरवणं कसं साधलं होतं, ते मला फार पुढे, लेथवर वर्म गिअर कापायला शिकलो तेव्हा उमगलं. लाटांच्या वरच्या भागात तिरपे दाते कोरलेले असायचे, स्क्रूच्या आट्यांसारखे वळत जाणारे. एकीचा आटा दुसरीच्या आट्यात बसायचा. सरकी काढायच्या लाकडी चरखीलाही हीच युक्ती. ज्या कामासाठी माझ्याकडे इंडेक्सिंग हेड आणि चार्ट आहे, ते खेड्यातला सुतार वाकस आणि नजर यांवर करत होता, तेही बाभळीसारख्या चिवट लाकडात. या सुतारांपैकी एकाचंही नाव कुठल्या पाटीवर नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लाकडी चरकाचं दुखणं मात्र मोठं. तो ओढायला दोन ते चार बैलजोड्या लागत. उसाचे तुकडे करून तेच तेच पुन्हा पुन्हा लाटांतून घालावे लागत, तरी चिपाडात रस राहायचा. लाकूड ओलं राहून आंबायचं, त्याचा वास रसाला लागायचा, दाते झिजायचे.

आता मी जिथे बसून हे लिहितो आहे तिथली गोष्ट. साकीनाक्यातलं साकी हे मुळात गाव. तिरंदाज, कोपरी, पासपोली, तुंगवे हीही गावंच. या सगळ्यांच्या मधे पवई. मी रोज पवई तलावाच्या कडेने घरी जातो, आणि तिथे कधीकाळी उसाचे मळे होते हे मला वयाच्या पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. पवईची इस्टेट ईस्ट इंडिया कंपनीने १७९९ मध्ये डॉक्टर स्कॉट यांना पट्ट्याने दिली होती. ती पुन्हा सरकारकडे आली आणि १८२९ मध्ये फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याला दिली गेली. धोबीतलावचा फ्रामजी कावसजी हॉल ज्यांच्या नावाचा, तेच हे. जन्म १७६७ चा, म्हणजे पवई हाती आली तेव्हा वय बासष्ट. त्या वयात माणसं भाडं मोजत बसतात, यांनी जंगल उपसायला घेतलं. विहिरी खोदल्या, घरं बांधली, चांगला रस्ता केला, ऊस, नीळ आणि तुती लावली.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८३० मध्ये पवई पाहिली आणि आपल्या सरकारी टिपणात या सगळ्याची नोंद केली. त्यात त्यांनी फ्रामजींनी उभारलेल्या साखरेच्या गिरणीची खास तारीफ केली आहे. निळीच्या कारखान्याच्या इमारती तेव्हा पुऱ्या होत आल्या होत्या. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून थोडा वेळ नुसता बसलो. आमच्या उपनगरांत यंत्रं आली ती कापडगिरण्यांच्या मागून, लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांबरोबर, असं आम्ही सगळे धरून चालतो. मुंबईची पहिली आगगाडी १८५३ ची. तिच्या वीस-बावीस वर्षं आधी पवईत ऊस पिळला जात होता.

फ्रामजींचं नाव राहिलं ते आंब्यांमुळे. १८३८ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, त्यांनी आंब्यांची करंडी आगबोटीने तिला विलायतेला पाठवली. आंब्याची ही हकीकत अजून सांगितली जाते, साखरेच्या गिरणीचं मात्र कुणी नाव काढत नाही. खोऱ्यात धरण घालून पवईचा तलाव झाला तो १८९० च्या आगेमागे. मुंबईला पाणी पुरवायला बांधला, पण पाणी पिण्याजोगं ठरलं नाही. १९५८ मध्ये आयआयटी आली. या शिक्षणसंस्थेत गिअर, बेअरिंग, धातुशास्त्र, सगळं शिकवतात. पवईत चरक होता हे सांगणारी एक पाटी मुख्य फाटकाजवळ लागली, तर मी तिच्यासाठी बिडाची चौकट स्वतः ओतून आणून देईन.

साष्टीत आणि वसईत इंग्रजांच्या काळात साखरेचे असे आणखीही प्रयत्न झाले. वसईच्या किल्ल्यात साखर कारखान्याचे अवशेष अजून दाखवतात. पण मोठ्या भांडवलाचे हे प्रयोग रुजले नाहीत. रुजला तो लहान चरक, आणि तो वेगळ्याच वाटेने आला.

ती वाट बिहारमधली. १८५७ नंतर कुंवरसिंहांच्या जगदीशपूरचा मुलूख जप्त झाला. त्यातल्या जंगलाचा पट्टा घेऊन थॉमसन आणि मिल्न हे इंग्रज बिहिया गावाजवळ शेती करत होते. कुळांचे लाकडी आणि दगडी घाणे पाहून त्यांनी १८७० च्या दशकात लोखंडी लाटांचा एक लहान चरक केला. एक बैलजोडी तो ओढू शकायची. बैलगाडीत घालून शेताच्या बांधावर नेता यायचा. ज्यांना विकत घेणं परवडत नव्हतं त्यांना तो हंगामापुरता भाड्याने मिळायचा. बिहियाचा चरक म्हणून तो देशभर माहीत झाला आणि गावोगावच्या ओतशाळांनी त्याच्या नकला काढल्या. आधी दोन लाटांचा, मग तीन लाटांचा.

तिसरी लाट का लागते, हे मी गाळ्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला कांडी हातात देऊन दाखवतो. दोन लाटांत ऊस एकदाच चेपला जातो. तीन लाटा त्रिकोणात बसवल्या की तो आधी पहिल्या फटीत फुटतो, मग दुसऱ्या, जास्त अरुंद फटीत पिळला जातो. दोन फटींच्या मधे एक वाकडी पट्टी असते, ती चेपलेली कांडी वळवून दुसऱ्या फटीच्या तोंडाशी देते. पट्टी एक सूत वर झाली तर ऊस अडकतो, एक सूत खाली गेली तर चिपाड मधेच साठतं. अख्खं यंत्र या पट्टीवर उभं आहे. आडव्या तीन लोखंडी लाटांची ही मांडणी लंडनच्या जॉन कॉलिंजने १७९४ मध्ये केली. बैलांच्या उभ्या चरकातही तत्त्व हेच, आणि मोठमोठ्या साखर कारखान्यांत आजही हेच.

आता माझ्या गावाशेजारचे लक्ष्मणराव. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईत जे. जे. मध्ये आले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर रंगकाम सोडलं आणि यंत्रांची रेखाटनं शिकले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्ये निघाली होती. आज माटुंग्याला असलेली ही संस्था तेव्हा भायखळ्यात होती. तिथे ते शिकवायला लागले. पगारातून सायकली घेऊन बेळगावला भावाकडे, रामूअण्णांकडे, पाठवायचे. १८८८ चं ते सायकलचं दुकान. पुढे मुंबई सोडून स्वतः बेळगावला गेले आणि कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर करायला घेतला. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांचं म्हणणं होतं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज. १० मार्च १९१० ला लक्ष्मणराव तिथे उतरले. निवडुंग, साप आणि खडक, एवढंच होतं. तिथे किर्लोस्करवाडी वसली, भट्टी उभी राहिली. नांगरांमागून भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप आणि उसाचे चरक निघू लागले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालदार नेमलं आणि ती माणसं इमानाला जागली. पहिल्या महायुद्धात बीड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं आमच्याकडे सांगतात. आजोबा चरकावर थाप मारून म्हणायचे, “ह्यात एखादी तोफ असंल.” मी लहानपणी लाटेला कान लावून बसायचो.

मोल्डरच्या नजरेने पाहिलं तर लाट साधी नाही. नुसतं बीड ओतलं आणि गोल केलं की झाली, असं होत नाही. फार कडक ओतलं तर खाचेचे काठ उसाच्या गाठीवर टवके होऊन उडतात. मऊ ओतलं तर दोन हंगामांत गुळगुळीत. पोटात हवेची पोकळी राहिली तर भर गुऱ्हाळात लाट उभी चिरते, आणि काहिलीतला रस तसाच आंबतो. किर्लोस्करवाडीच्या लाटा आमच्याकडे तीस-तीस वर्षं चालल्या. लाकडी चरकातून शंभर शेर उसाचा जेमतेम निम्मा रस हाती यायचा. चांगल्या तीन लाटांच्या बिडाच्या चरकाने तो साठ-पासष्टपर्यंत नेला, तोही एका जोडीवर. उरलेले बैल नांगराला मोकळे झाले. शेतकऱ्याच्या घरात गुळाच्या जास्तीच्या ढेपा आल्या त्या या फरकातून. मुली शाळेत गेल्या, माडीवर पत्रा आला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मोठ्या कारखान्यांची यंत्रं मात्र वर्षानुवर्षं परदेशातून यायची, आणि त्यांचं एक माहेर म्हणजे स्कॉटलंडचं ग्लासगो. तिथल्या स्कॉटलंड स्ट्रीटवर मॅकओनी बंधूंनी १८४० मध्ये सुरू केलेला कारखाना पुढे मिरलीज वॉटसन नावाने जगभर गेला. वेस्ट इंडीज, मॉरिशस, जावा, जिथे जिथे ऊस तिथे तिथे त्यांच्या लाटा. एका जुन्या साखर कारखान्याच्या भंगारात मी त्यांची बिडाची पाटी पाहिली होती, अक्षरं अजून धारदार. पुरुषभर जाडीची लाट शेजारी आडवी पडली होती. मी खिशातली पट्टी काढून तिच्या खाचेचा कोन मोजला. मी रसवंतीच्या लाटेला देतो त्याच्या अगदी जवळ.

याच मिरलीज कंपनीने १८९७ मध्ये ब्रिटनमधलं पहिलं डिझेल इंजिन बनवलं. साखरेची यंत्रं करणाऱ्यांच्या शेडमध्ये ते जन्मलं, आणि अर्ध्या शतकानंतर त्याच जातीच्या इंजिनाने आमच्या बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. सातारा रोडच्या कूपरची इंजिनं तर त्याही आधीपासून. चरक आडवा झाला, दांडी गेली, पट्टा आला. आमच्या मळ्यात इंजिन आलं त्या वर्षी आजोबांनी बैलांची घुंगरं काढून खुंटीला लावली. दोन दिवसांनी गुळव्याने ती पट्ट्याच्या चाकाच्या आरीला बांधली. इंजिनाच्या धडधडीत ऐकू येत नव्हती, तरी हंगाम संपेपर्यंत त्याने काढली नाहीत.

१९३२ च्या संरक्षक कायद्यानंतर देशात साखर कारखाने भराभर उभे राहिले. ३१ डिसेंबर १९५० ला प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. ती कहाणी पुष्कळांनी लिहिली आहे. आमच्या भागात तिचा परिणाम एवढा झाला की ऊस गाडीत बसून कारखान्यावर जायला लागला आणि गुऱ्हाळं एकेक करून विझली. बिडाचे चरक गोठ्याच्या कडेला पडून राहिले. भंगारवाले आले आणि किलोच्या भावाने घेऊन गेले. आजोबांचाही गेला. मी तेव्हा मुंबईत उमेदवारी करत होतो, मला पत्राने कळलं. एक लाट आईने मागे ठेवून घेतली. ती आता माझ्या गाळ्याच्या दारात उभी आहे, चहा प्यायला पोरं तिच्यावर बसतात.

चरक मेला नाही तो रसवंतीमुळे. मुंबई-पुण्यात ज्या रसवंतीवर पाहावं तिच्यावर कानिफनाथ किंवा नवनाथ हे नाव असतं, कारण हा धंदा पुष्कळसा पुरंदर तालुक्यातल्या बोपगावच्या आणि आसपासच्या माणसांनी उभा केला. त्यांच्या डोंगरावर कानिफनाथांचं ठाणं आहे. गाभाऱ्यात जायला एवढीशी खिडकी, आडवं होऊन सरपटत जावं लागतं. कोरडवाहू गावची माणसं, घरी पाणी नाही म्हणून दुसऱ्याच्या उसावर पोट भरायला शहरात आली. फळीचं बाकडं, मोठं चाक, आलं-लिंबू कांडीच्या घडीत दाबून तीन-चार वेळा लाटांतून काढणं. मुलुंडच्या त्या दोघा भावांचे वडील आधी चाक हाताने फिरवायचे. खांदे असे झाले होते की सदरा शिवताना शिंप्याला वेगळं माप घ्यावं लागायचं.

या यंत्राने माणसं दुखावलीही आहेत, ते झाकून ठेवणार नाही. एका रसवंतीवरचा सोळा वर्षांचा पोरगा घडी आत ढकलताना दोन बोटं गमावून बसला. जाळी काढून ठेवली होती, गर्दीत हात लवकर चालतो म्हणून. त्या दिवसापासून जाळीशिवाय आलेलं यंत्र मी जाळी बसवल्याशिवाय परत देत नाही. तिचे पैसे मागत नाही.

अलीकडे स्टीलची बंद पेटीतली यंत्रं आली आहेत. स्वच्छ आहेत, आवाज कमी, आणि माशा बसत नाहीत ही खरी चांगली गोष्ट. त्यांच्याही पोटात तीन लाटाच असतात, फक्त दिसत नाहीत. त्याही माझ्याकडे येतात.

परवा मरोळ नाक्याचा तो आला. तिन्ही लाटांना नव्या खाचा, नवे गनमेटलचे बुश. पट्टी मी स्वतः घासून बसवली. त्याच्या दुकानात जाऊन यंत्र जोडून दिलं आणि फट दोन वेळा कमी-जास्त केली. त्याने पहिली कांडी घातली, पहिला पेला कानिफनाथांच्या तसबिरीपुढे ठेवला. घडी करून दुसऱ्यांदा घातली, मग तिसऱ्यांदा. मागून आलेलं चिपाड मी उचललं आणि आजोबा करायचे तसं मुठीत धरून जोरात पिळलं. बोटांच्या फटींतून थेंब आला नाही. हात उघडला, तळवा कोरडा होता.